थंड पाण्यातली वाढ

१४ एप्रिल २०२५

विनीताने बॅगेत ही वही घातली आहे. रोज दोन ओळी लिही, म्हणाली. काय लिहायचं ते सांगितलं नाही. इथे थंडी आहे. झाल्या दोन ओळी.

१६ एप्रिल

काल दिवसभर झोपून होतो. टाइम झोनमुळे असेल. सांता क्लाराहून मेन राज्याच्या या कोपऱ्यात यायचं म्हणजे दोन विमानं आणि वर भरपूर ड्राइव्ह. आन्या घ्यायला आली होती. पायात गमबूट, केस कसेतरी बांधलेले, हात सुताराच्या हातांसारखे खरबरीत. अठ्ठावीस वर्षांची पोर. मरीन बायॉलॉजीत मास्टर्स केलं तेव्हा वाटलं होतं, कुठेतरी प्रोफेसर होईल. तिने समुद्रात स्कॅलपची, म्हणजे एका जातीच्या मोठ्या शिंपल्यांची, शेती सुरू केली.

मी इथे का आलो ते लिहून ठेवतो. आन्याच्या हाताखाली उन्हाळाभर एक मुलगी काम करणार होती, ती ऐन वेळी येत नाही म्हणाली. बोटीवर एकट्याने जायचं नाही असा इन्शुरन्सचा नियम आहे म्हणे. मला जानेवारीत ले-ऑफ मिळाला, त्यामुळे मी रिकामा. विनीताची नोकरी चालू आहे. म्हणजे मीच येणं सोयीचं. पोरीची अडचण झाली असती नाहीतर. विनीताने एका दिवसात तिकीट काढलं.

मार्चमध्ये मी एकदा फोन घरी विसरून फिरायला गेलो आणि परत यायला बराच उशीर झाला, तर हिने पोलिसांना फोन केलेला. दुसऱ्या दिवशी आन्या विमानाने घरी हजर. माणसाने फिरायलाही जाऊ नये का? तेव्हापासून दोघींची फोनवर कुजबुज चालते. मी खोलीत आलो की थांबते. आन्याच्या धंद्याचंच काहीतरी असणार, मला काळजी नको म्हणून सांगत नसतील.

२२ एप्रिल

आज बोटीवर गेलो. नारिंगी रबरी डांगरी चढवण्यातच अर्धी ताकद गेली.

स्कॅलप पहिल्यांदा हातात घेतला. आपल्याकडच्या तिसऱ्यांपेक्षा कितीतरी मोठा, पंख्याच्या आकाराचा शिंपला. कडेने बारीक डोळ्यांची रांग. डोळे, खरोखरचे. हातात धरल्यावर त्याने शिंपल्याची दोन्ही झाकणं फटाफट आपटली आणि माझ्या तोंडावर पाणी उडालं. आन्या हसली. "बाबा, ही डझन्ट लाइक यू."

ते कंदिलासारख्या लांब गोल जाळ्यांत राहतात. जाळ्याला मजले असतात, एकेका मजल्यावर वीस-पंचवीस. जाळी दोराने पाण्यात टांगलेली, वर बोया. आन्याच्या दोन जागा आहेत. एक आतल्या खाडीत, घरापासून दिसते. पाणी उथळ आणि शांत. दुसरी बेटाच्या पलीकडे, उघड्या समुद्रात, तिथे पाणी खोल आणि बर्फासारखं. दोन्हीकडचे स्कॅलप एकाच वर्षीचे, पिल्लं धरायला समुद्रात टांगलेल्या एकाच पिशवीत सापडलेले. गेल्या वर्षी तिने निम्मे इकडे लावले, निम्मे तिकडे.

घरी येऊन आमटी-भात केला. ती तीनदा वाढून घेऊन जेवली. मला भूक नव्हती.

३ मे

आज मोजणी. प्रत्येक जागेचे शंभर शिंपले कॅलिपरने मोजायचे. आन्या मोजते, मी आकडा लिहितो. मग तिचे हात गारठले की मी मोजतो. आतल्या खाडीतले सरासरी बासष्ट मिलिमीटर. बेटाबाहेरचे एक्कावन्न.

एकाच आईची पोरं म्हणावीत इतकी सारखी, आणि वर्षभरात एवढा फरक! मी विचारलं का. ती म्हणाली, आत पाणी लवकर तापतं, शेवाळासारखं बारीक खाणं भरपूर, प्रवाह मंद, त्यामुळे निवांत खाता येतं. बाहेर थंडी आणि सतत ओढ. "पण दर वेळी असं नसतं बाबा. अबोलीचे बाहेरचेच फास्ट वाढतात." अबोली म्हणजे तिची कॉलेजची मैत्रीण, ती किनाऱ्याने आणखी वर हीच शेती करते. तिथली खाडी वेगळी, म्हणून उत्तर वेगळं.

हे मला पटलं नाही. डेटा आहे तर सूत्र असायलाच हवं. संध्याकाळी लॅपटॉपवर ग्राफ काढला. जानेवारीनंतर पहिल्यांदा एक्सेल उघडलं. दोन तास कसे गेले कळलं नाही.

११ मे

धक्क्याचा मालक वॉरन. सत्तरीचा, लॉबस्टर पकडतो, बायको गेल्याला चार वर्षं झाली. त्याला 'श्रीराम' म्हणता येत नाही. तो मला 'रॅम' म्हणतो. चोवीस वर्षं मी मेमरी चिप तपासायचं काम केलं, हे त्याला माहीत नाही. आन्याला सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली.

आन्या सामान आणायला गावात गेली की हा हटकून उगवतो. कधी दोर दुरुस्त करायचा असतो, कधी नुसती कॉफी. आज दोन तास बसला. बिचारा एकटा पडलाय, त्याला सोबत हवी असते. मी बसू देतो.

२९ मे

बरेच दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. पाऊस, धुकं. अंथरुणातून उठायचं म्हणजे आधी एक पाय, मग दुसरा, असा विचार करावा लागतो.

जुन्या ऑफिसातल्या नकुलचा मेसेज आला आहे, कसे आहात विचारतो. काय उत्तर द्यायचं? अजून दिलेलं नाही.

आन्या म्हणाली, "ऑक्टोबरमध्ये आईचं तिकीट काढू का? शी वॉण्ट्स टु सी द फॉल कलर्स." ऑक्टोबर म्हणजे नक्की काय ते क्षणभर मला कळेचना. समोर भिंत असावी तसं झालं. बघू, म्हणालो.

दुपारी तिच्याबरोबर दुकानात गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "तुम्ही आन्याचे डॅड ना? मी तिच्याकडे काम करणार होते, पण यंदा गरज नाही म्हणाली." म्हणजे त्या मुलीने नाही म्हटलं नव्हतं! आन्याच पगार वाचवत्येय आणि मला सांगायला लाजत्येय. अडचण खरीच मोठी दिसते. मला आणखी काम करायला हवं.

१४ जून

आज भांडण झालं. भांडण म्हणजे बोललो जास्त मीच.

पोर्टलंडमधलं एक रेस्टॉरंट ऑक्टोबरपासून तिचे स्कॅलप घ्यायला तयार आहे, पण एका ठरावीक मापाच्या खाली घेणार नाही. आतले तोवर त्या मापाला पोचतील. बाहेरचे या गतीने आणखी दीड वर्ष पोचत नाहीत. मग बाहेरचे सगळे आत आणायचे, एवढं साधं आहे. मी तिला ग्राफ दाखवला. दीड महिन्यात आतल्यांची वाढ बाहेरच्यांच्या जवळजवळ दुप्पट.

ती म्हणाली, "बाबा, ऑगस्टचं काय? पाणी तापतं आत."

"गेल्या ऑगस्टला मेले का?"

"गेल्या वर्षी समर कूल होता. आणि ते लहान होते."

"म्हणजे तुझ्याकडे एकाच वर्षाचा डेटा आहे आणि तो माझ्या बाजूने आहे."

वॉरन तिथेच होता. त्यालाही विचारलं. तो म्हणाला, माझ्या बापाच्या काळात या खाडीत ताटाएवढे स्कॅलप मिळायचे, खाडी चांगली आहे. मी आन्याकडे पाहिलं. ती कॅलिपरशी खेळत होती. मग म्हणाली, "अर्धे. बाहेरचे अर्धे आत आणू. सगळे नाही."

"अर्धवट काम करून काय मिळतं?"

"अर्धे, बाबा."

नंतर विनीताचा फोन. आन्या बाहेर पायरीवर जाऊन बोलत होती. खिडकी उघडी होती, तेवढंच ऐकू आलं. "ही वॉज एक्सायटेड, आई. ही वॉज आर्ग्युइंग. मी कशी नाही म्हणू?" कोणाबद्दल चाललं होतं कोण जाणे. वॉरनबद्दल असेल.

२१ जून

दोन दिवसांत निम्मे हलवले. विंच, म्हणजे दोर गुंडाळणारं यंत्र, जाळं वर ओढतं, पण बोटीच्या कडेवरून आत घ्यायला माणूसच लागतो. जाळ्यांवर शेवाळ, खड्यांसारखे चिकटलेले बार्नकल, खेकडे. वजन दुप्पट. हाताची बोटं मिटत नाहीत, पेन नीट धरता येत नाही. पडल्या पडल्या झोपलो. बऱ्याच महिन्यांत अशी झोप लागली नव्हती.

१९ जुलै

हलवलेले स्कॅलप चार आठवड्यांत पाच मिलिमीटर वाढले. बाहेर राहिलेले दोन! मी आन्याला म्हणालो, बघ. ती म्हणाली, "येस बॉस."

शिंपल्यावर एक बारीक रेघ उमटली आहे, हलवलं त्या दिवसांची. तिच्या आत जुनी चिवट दाट वाढ, बाहेर नवी पांढरी पट्टी. आन्या म्हणते, त्यांना धक्का बसला की वाढ थांबते आणि तशी खूण राहते. नवी पट्टी पातळ आहे, नखाने दाबली तर तुटते. मी ते लिहिलं नाही. म्हणजे मोजणीच्या तक्त्यात लिहिलं नाही; त्यात जाडीचा रकानाच नाही.

विनीताला ग्राफ पाठवला. तिने हार्ट पाठवलं. ग्राफला हार्ट कशाला?

४ ऑगस्ट

वारा पूर्ण पडला आहे. तिसरा दिवस. खाडी तेलासारखी. गावातले लोक खूश आहेत, मुलं पोहतायत. या पाण्यात कधी कोणी पोहत नाही, वॉरन म्हणाला. आन्या पोहणाऱ्या मुलांकडे बघत उभी होती, हसत नव्हती.

जाळ्यांच्या खोलीवरचं तापमान एकोणीस अंश. बेटाबाहेर चौदा.

९ ऑगस्ट

एकवीस. आन्या म्हणाली, बावीस म्हणजे त्यांची हद्द. गरम पाण्यात त्यांचं शरीर भरधाव धावतं, आणि एका मर्यादेनंतर जेवढं खातील तेवढं नुसतं जगण्यात संपतं. वाढायला काही उरत नाही. मी विचारलं, आत्ताच बाहेर नेलं तर? म्हणाली, "आत्ता पाण्याबाहेर काढलं तर बोटीवरच मरतील. हवा बत्तीस आहे." दोन्ही बाजूंनी बंद. वारा सुटायची वाट बघायची.

'मी सांगितलं होतं' असं तिने मला एकदाही म्हटलं नाही.

१२ ऑगस्ट

आज सकाळी पहिलं जाळं वर काढलं. वास आधी आला. शिंपले उघडे पडलेले. बोट लावलं तर जिवंत शिंपला झटक्यात मिटतो. हे मिटत नव्हते. मी एकेकाला बोट लावत गेलो. एक मजला, दुसरा, तिसरा. आन्या म्हणाली, "बाबा, पुरे." मला थांबता येईना. तिने माझं मनगट धरलं.

दहा जाळी उघडली. दर दहा शिंपल्यांत सहा मेलेले. आधीपासून आत असलेले मोठे होते, ते जास्त मेले. मी आणवलेले त्यांच्यापेक्षा थोडे कमी. पण ते तिथे असायचंच कारण नव्हतं.

१३ ऑगस्ट

माझ्यामुळे.

१४ ऑगस्ट

उठलो नाही. आन्या माझ्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली आहे. तिच्या खोलीत वायफाय येत नाही म्हणे. कालपर्यंत येत होतं.

१५ ऑगस्ट

वॉरन आला, पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसला आणि तासभर जाळी विणत राहिला. मी त्याच्याकडे पाठ केली. याला दुसरं घर नाही का?

माझ्यासारख्याने सल्ले देऊ नयेत. चोवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधायचं काम केलं. या पोरीने तीन वर्षं थंडीत हात फोडून घेतले आणि मी एक ग्राफ काढून सगळं घालवलं. मी नसतो आलो तर बरं झालं असतं. एकूणातच.

१७ ऑगस्ट

आज आन्या ओरडली. लिहितो जसं झालं तसं.

मी सकाळी तिला म्हणालो, सॉरी, आणि म्हणालो मी परत जातो, माझा इथे उपयोग नाही, त्रासच आहे. ती भांडी घासत होती. तिने हातातलं पातेलं सिंकमध्ये आपटलं.

"किती वेळा म्हणणार सॉरी? चार दिवस मी तुझं सॉरी ऐकत्येय!" मग इंग्रजी सुरू झालं. फार्म माझं आहे. हो मी म्हणाले. निर्णय माझा होता, तू माझ्याकडून तो पण काढून घेणार का? मग परत मराठी, मोडकं. "माझे स्कॅलप मेले, बाबा. माझे! मला रडायला पण टाइम नाही, कारण मी तुझ्याकडे बघत बसते."

"माझ्याकडे कशाला बघायचं?"

तिने नाक पुसलं. तळहाताला फेस होता, तो गालाला लागला.

"वारा सुटलाय," ती म्हणाली. "उद्या पहाटे हवा थंड असेल. जे जिवंत आहेत ते बाहेर नेता येतील. वॉरन त्याची पण बोट आणतोय. मला अजून दोन हात पाहिजेत. तुला सॉरी व्हायचं असेल तर नंतर हो. उद्या नको."

मी म्हणालो, किती वाजता?

ती म्हणाली, उजाडायच्या आधी निघू. मग ती खाली जमिनीवर बसली आणि रडली. इतकं लहानपणी सायकलवरून पडली तेव्हाही रडली नव्हती. मी तिच्या शेजारी बसलो. मग उठून पातेलं घासून ठेवलं.

१८ ऑगस्ट

झालं. दोन बोटी, सहा फेऱ्या. ओल्या गोणपाटाखाली झाकून नेले, दर थोड्या वेळाने समुद्राचं पाणी ओतत होतो. दुपारनंतर आन्याला उभं राहवेना तेव्हा तिला मी केबिनमध्ये बसवलं आणि शेवटच्या फेरीला विंच मी चालवला. वॉरन चुकीच्या दोराला हात घालत होता, त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, "येस सर, रॅम."

बेटापलीकडचं पाणी हाताला लागलं तेव्हा हात बधिर झाला. इतकं बरं वाटलं.

१९ ऑगस्ट

आन्या अजून उठलेली नाही. दुपारचे तीन. दोनदा जाऊन बघितलं, श्वास चालू आहे. तिच्या आईला कळवलं. रेस्टॉरंटलाही मीच फोन केला आणि यंदा माल नाही म्हणून सांगितलं. तो माणूस चांगला बोलला. मसूरची आमटी करून ठेवली आहे.

६ सप्टेंबर

विनीता आली. रजा साठली होती म्हणे. ऑक्टोबरला येणार होती, आता अचानक. झाडं अजून हिरवीच आहेत, तिला रंग काही बघायला मिळणार नाहीत.

तिला बोटीने बाहेरच्या जागी नेलं. ती कठडा धरून बसली, डोळे मिटून. समुद्र तिला कधीच आवडला नाही. तिला एक स्कॅलप काढून दाखवला. वाचलेल्यांतला. शिंपल्यावर ऑगस्टची जाड रेघ, तिच्यापलीकडे केसाएवढी नवी वाढ. बाहेर कायमचे राहिलेले आता एकसष्टला पोचले आहेत. खाडीतले मे महिन्यात होते जवळजवळ तेवढे. आता पाणी थंड होईल तसे हे वाढतच राहतील, आन्या म्हणते.

परत आल्यावर आन्या घरात गेली. आम्ही दोघं धक्क्यावर बसलो.

"बारीक झालायस," विनीता म्हणाली.

"काम असतं."

"श्री, मला एक सांगायचंय. आन्या म्हणते, आत्ता नको. पण मला झेपत नाही." ती पाण्याकडे बघत होती. "मार्चमध्ये तू परत येशील की नाही हे मला माहीत नव्हतं. सहा तास. मी तुझा फोन हातात घेऊन किचनमध्ये उभी होते."

फिरायला गेलेला माणूस परत येणारच ना? हे ओठावर आलं होतं. तिच्याकडे बघून ते गिळलं. मग मी त्या दिवशी कुठे कुठे गेलो ते आठवायला लागलो, तिला सांगावं म्हणून. आठवेना. पार्किंग लॉट आठवतो, एक पूल आठवतो, पुढचं नाही. मी तिला तसंच सांगितलं. मला आठवत नाही, म्हणालो.

हे ऐकून माझा हात तिने दोन्ही हातांत घेतला, आणि नंतर गारठा पडला तरी सोडला नाही.

७ सप्टेंबर

डॉक्टरशी फोनवर बोलायचं कबूल केलं आहे. विनीताने आधीच कोणीतरी शोधून ठेवली होती. डॉ. सावनी म्हणून आहेत, मराठी बोलतात. झोपेसाठी हरकत नाही, म्हणालो. दोघी एकदम 'हो हो, झोपेसाठीच' म्हणाल्या.

२८ सप्टेंबर

विनीता गेली. एअरपोर्टवर मला म्हणाली, माझ्याबरोबर चल किंवा राहा, जे तुला बरं वाटेल ते. मी म्हणालो, ऑक्टोबरची मोजणी आहे. तिने मान हलवली, जशी काही मोजणी तिला माहीतच होती.

डॉक्टरांशी तीनदा बोललो. त्या झोपेबद्दल कमीच विचारतात. गोळी सुरू केली आहे. तोंड कोरडं पडतं. थकवा आहेच, पण दुपारनंतर येतो. आधी सकाळीच असायचा.

५ ऑक्टोबर

आन्या हिवाळ्यात गावातल्या शाळेत सायन्स शिकवणार आहे, आठवड्यातून तीन दिवस. यंदा विकायला काही नाही, तर काहीतरी करायलाच हवं. तिला ते आवडलेलं नाही. म्हणाली, "आय नो, आय नो, मुलांना शिकवणं चांगलं असतं." तिचा चेहरा ओढलेला दिसतो. मी तिला कधी असं बघितलंच नव्हतं का, की आत्ताच ती अशी दिसायला लागली?

नकुलला उत्तर पाठवलं. मी मेनमध्ये आहे, स्कॅलप मोजतो. त्याने तीन प्रश्नचिन्हं पाठवली.

९ नोव्हेंबर

हात इतके गार आहेत की अक्षर वाचता येईल का शंका आहे.

गेल्या शरदात आन्याने बेटापलीकडे जाळीच्या पिशव्या टांगून ठेवल्या होत्या, कांद्याच्या पिशव्यांसारख्या. समुद्रात वाहत येणारी स्कॅलपची पिल्लं त्यांच्या आत येऊन चिकटतात आणि तिथेच वाढतात. वर्षाने पिशव्या काढायच्या. आज काढल्या. शेडमधल्या टेबलावर उलट्या केल्या, तर चिखल, शेवाळ, इवलाले खेकडे आणि त्यात पिल्लं. काही हरभऱ्याच्या डाळीएवढी, काही अंगठ्याच्या नखाएवढी. आरपार दिसतात. हजारो. इतकी येतील असं तिला वाटलं नव्हतं. ती टेबलाभोवती फिरत होती, हात लावायला घाबरत असल्यासारखी.

दिवसभर चाळण्यांतून मापाप्रमाणे वेगळी केली. वॉरन कॉफी घेऊन आला आणि कामाला लावला गेला.

शेवटी आन्या म्हणाली, "मग? आत किती, बाहेर किती?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"मला पण नाही."

आम्ही तिघं त्या पिल्लांकडे बघत उभे राहिलो. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग मला वाटलं ते मी सांगितलं, सांगू की नको करत. खाडी आत्ता थंड आहे, खाणं आहे, वादळापासून आडोसा आहे. मेअखेरपर्यंत खाडी चांगलीच आहे. वाईट आहे ती फक्त उन्हाळ्यात. तर जूनच्या आधी सगळी बाहेर न्यायची आणि ऑक्टोबरला परत आत आणायची. एक जागा निवडायचीच कशाला?

आन्याने बोटांवर मोजलं. "प्रत्येक वर्षी दोनदा? सगळी जाळी? दर वेळी त्यांची वाढ थोडी थांबेल."

"थोडी थांबेल."

"आणि अंगमेहनत, बाबा. ही मोठी झाली की वजन बघ. कोण उचलणार?"

"मी आहे ना," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली, चाळणी धुवायला लागली. नळ जरा जास्तच वेळ चालू ठेवला. वॉरन म्हणाला, त्याच्या बापाने स्कॅलपना असं फिरायला नेल्याचं त्याला आठवत नाही.

आत्ता बसून सगळं मांडलं. पहिली फेरी मे २०२६ अखेर, मग ऑक्टोबर, मग २०२७ च्या दोन. २०२८ च्या वसंतात ही पिल्लं विकण्याजोगी होतील. तेव्हा मी साठ पूर्ण. विंचचा दांडा माझ्या उंचीला फार खाली आहे, तो हिवाळ्यातच वर घेऊन वेल्ड करून घ्यावा लागेल. आणि डावा गुडघा पायऱ्या उतरताना कुरकुरतो, तो वेळेवर दाखवलेला बरा, आणखी तीन वर्षं तो असा चालायचा नाही. उद्या विनीताला फोनवर सांगायचं की चांगला हाडांचा डॉक्टर बघून ठेव.